सेकंडहँड फिश फाइंडर घ्यावा का? पैसे मोजण्याआधी काय तपासाल

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या शाकारून किनाऱ्यावर लागतात आणि वर्सोवा, मढ, ससून डॉककडून ओळखीपाळखीतून निरोप यायला लागतात, "एक मशीन काढायचंय, बघता का?" मशीन म्हणजे फिश फाइंडर, पाण्यात ध्वनी सोडून परत आलेल्या आवाजावरून खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. भाव बरा असतो. पण नेमक्या याच दिवसांत यंत्र पाण्यात घालून बघता येत नाही, आणि फिश फाइंडर कोरड्यावर पारखणं म्हणजे उभ्या गाडीत बसून मायलेज ठरवणं.

आधी गरज आहे का ते बघा

तुमची डोल जाळी असेल तर जाळं ठरलेल्या जागी लागतं, मासा प्रवाहाबरोबर त्यात येतो. तिथे हे यंत्र फार तर खोली दाखवेल. गिलनेट, गळ किंवा हौसेची मासेमारी असेल, खडप (पाण्याखालचा खडकाळ भाग) शोधायची असेल, तर मात्र उपयोग आहे. तरी एक लक्षात ठेवा. ध्वनीचा सर्वांत जोरदार परतावा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. घोळीला ही पिशवी मोठी (तिच्यामुळेच घोळीला एवढा भाव), म्हणून ती ठळक दिसते. सुरमईला ती नसतेच, त्यामुळे सुरमई पडद्यावर फिकी उमटते. "यात सुरमई कशी चकचकीत दिसते बघा" असं कोणी म्हणालं तर यंत्राआधी विक्रेत्याला पारखा.

ताकदीच्या आकड्यांना भुलू नका

जाहिरातीतले 4800 वॅट बहुतेक वेळा 'पीक-टू-पीक', म्हणजे लहरीच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलेले असतात. त्याला आठने भागा, म्हणजे खरे 600 वॅट आरएमएस (सरासरी ताकद). आपल्याला तेवढे पुष्कळ झाले. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत असलेल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रालासुद्धा पाणी जेमतेम 75 मीटर आहे. फ्रिक्वेन्सी 200 किलोहर्ट्झ हवी. उथळ पाण्यात तीच बारकावे दाखवते. जोडीला 50 असेल तर उत्तम, पण केवळ तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

पडद्यावरचे मासे खरे नसतात

सर्वांत मोठी फसगत इथे होते. बहुतेक यंत्रांत डेमो किंवा सिम्युलेटर मोड असतो. ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि पकडणारा पाण्याखालचा भाग) जोडलेला नसला तरी पडद्यावर तळ सरकतो, मासे पोहतात. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काय किंवा कुणाच्या घरच्या टेबलावर काय, हे दृश्य पाहून फक्त पडदा जिवंत असल्याचं कळतं. सेटिंगमध्ये जाऊन सिम्युलेटर स्वतः बंद करा. सगळी बटणं दाबून पाहा, पडदा उन्हात धरा. जीपीएस असेल तर उघड्यावर नेऊन उपग्रह पकडू द्या आणि तारीख बघा. जीपीएसची आठवड्यांची मोजणी 6 एप्रिल 2019 ला पुन्हा शून्यावर आली. त्यानंतर सॉफ्टवेअर न बदललेली काही जुनी यंत्रं जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. परदेशातून आणलेलं यंत्र असेल तर त्यात आपल्या किनाऱ्याचा नकाशा आहे का, तेही पाहा. अमेरिकेतली तळी मढच्या खाडीत काय कामाची?

खरी किंमत ट्रान्सड्यूसरची

पाण्याखाली राहणारा हा तुकडाच ऐकतो आणि बोलतो. त्याशिवाय मिळणारं यंत्र मी तरी घेणार नाही, कारण जुन्या मॉडेलला जुळणारा ट्रान्सड्यूसर शोधता शोधता नाकी नऊ येतात. त्याच्या तोंडाला तडा नको. चिकटलेले शंख सुरीने खरवडल्याच्या खुणा नकोत. केबल अखंड हवी. मध्ये कापून टेप गुंडाळलेली दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. पिनांवर हिरवा गंज म्हणजे खारं पाणी आत शिरलंय. यंत्र सुरू करून ट्रान्सड्यूसर कानाजवळ धरला तर पुष्कळदा टिकटिक ऐकू येते. ती चांगली खूण, पण हवेत फार वेळ चालू ठेवू नका, तापतो.

आता तो तुमच्या होडीला बसणार का? फायबरच्या अखंड तळातून आवाज आरपार जातो, म्हणून ट्रान्सड्यूसर आतून चिकटवता येतो. तळात फोमचा थर असेल तर नाही, आणि लाकडातून तर नाहीच. लाकडी होडीला भोक पाडून बसवायचा असेल तर कांस्याचा घ्या. लाकूड पाण्याने फुगतं आणि प्लॅस्टिकचा चिरडतो.

पाण्यातली चाचणी

बादलीतली चाचणी ही चाचणी नव्हे. निदान दहा मीटर पाणी हवं. दोरीला शिसं बांधून खोली मोजा, वावात (दोन्ही हात पसरून) मोजलीत तरी चालेल, आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही मापं एकाच वेळी घ्या. मुंबईत उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरनेही बदलते, सकाळचा आकडा दुपारी उपयोगाचा नाही. मग संवेदनशीलता हाताने वाढवा. दहा मीटरवरच्या तळाखाली वीस मीटरवर दुसरी, फिकी रेघ उमटली पाहिजे. आवाज तळावरून वर येऊन, पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो, त्याची ती रेघ. एवढ्या उथळ पाण्यात ती येतच नसेल तर ट्रान्सड्यूसर थकलाय असं समजा. शेवटी इंजिन जोरात चालवा. पडदा ठिपक्यांनी भरला तर दोष वायरिंगचा असू शकतो. वेगळ्या बॅटरीवर जोडून पुन्हा बघा.

पैसे

मूळ बिल आणि सीरियल नंबर ताडून पाहा, चोरीचा माल नको. यंत्र सरकारी अनुदानातून घेतलेलं असेल तर विकायला काही अट आहे का, तेही विचारा. नंतर जुन्याची किंमत, कमी असलेल्या वस्तू आणि बसवण्याचा खर्च यांची बेरीज करा. ही बेरीज वॉरंटीसह मिळणाऱ्या नव्या यंत्राच्या साठ टक्क्यांवर जात असेल तर मी नवंच घेईन.

बंदीच्या काळात सौदा करायचाच असेल तर फक्त इसार द्या. उरलेली रक्कम नारळी पौर्णिमेनंतर, होडी पाण्यात उतरून चाचणी झाल्यावर द्यायची, असं दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या करा. याला नकार देणाऱ्याकडून घेऊ नका. आणि विक्रेत्याने जुन्या जागांच्या खुणा यंत्रात ठेवल्या असतील तर पुसून टाकू नका. त्यातल्या काही खडपींच्या असतील, काही जाळं फाडणाऱ्या अडथळ्यांच्या.