क्रायो-ईएम प्रतिमांतील कण डीप लर्निंगने निवडताना

क्रायो-ईएममध्ये प्रथिनांचे गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपतात आणि प्रतिमांत दिसणारा प्रत्येक रेणू म्हणजे एक कण; असे अनेक कण निवडून त्यांवरून प्रथिनाची त्रिमितीय रचना उभी करतात. गोव्यात ताळगाव पठारावर किंवा झुआरीनगरला बसून कण निवडण्याचे हे काम शिकायचे असेल, तर शेजारी सूक्ष्मदर्शक असण्याची गरज नाही. जीपीयू (समांतर गणना करणारा ग्राफिक्स प्रोसेसर) असलेला एक संगणक आणि एम्पियार या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रतिमांच्या खुल्या संग्रहातील एखादा प्रतिमासंच पुरतो. सरावासाठी १००१७ क्रमांकाचा बीटा-गॅलॅक्टोसिडेज या प्रथिनाचा संच घ्यावा. त्यात ८४ मायक्रोग्राफ (सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या प्रतिमा) असून एक पिक्सेल १.७७ अँगस्ट्रॉमचा आहे.

प्रथम प्रत्येक मायक्रोग्राफचा डिफोकस, म्हणजे प्रतिमा अचूक फोकसपासून किती दूर टिपली आहे ते, मोजून घ्यावे; डिफोकस जास्त असेल तर कण ठळक दिसतात, कमी असेल तर फिकट. प्रशिक्षणासाठी मायक्रोग्राफ निवडताना कमी, मध्यम व जास्त अशा सर्व डिफोकसचे नमुने घ्यावेत, कारण केवळ ठळक प्रतिमांवर शिकलेले मॉडेल फिकट प्रतिमांतील कण हमखास सोडते.

यानंतरचे कण खुणावण्याचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्यात घाई करू नये. कण निवडणारी क्रायोलो ही डीप लर्निंग प्रणाली वापरणार असाल, तर निवडलेल्या मायक्रोग्राफमधील दिसणारे शक्य तितके कण खुणावावेत, कारण खूण नसलेला भाग हे मॉडेल पार्श्वभूमी मानते आणि सुटलेला कण त्याला चुकीचा धडा देऊ शकतो. टोपाझ या दुसऱ्या प्रणालीची पद्धत वेगळी आहे: खूण नसलेल्या भागात कण असू शकतात हे ते गृहीत धरते, म्हणून तेथे विखुरलेल्या खुणा चालतात, मात्र मायक्रोग्राफमागे कण साधारण किती असावेत, हा अंदाज द्यावा लागतो. दोन्हींत नमुना ठेवलेल्या जाळीवरील कार्बनच्या थराची कड, बर्फाचे स्फटिक व प्रथिनांच्या गुठळ्या यांवर खूण करू नये. कणाच्या सर्व बाजू खुणांत आल्या पाहिजेत. केवळ आडवे कण खुणावले, तर उभे कण पुढे दिसणारच नाहीत आणि अंतिम रचना एका दिशेने ताणलेली येईल. निव्वळ गोंगाटावर आइन्स्टाइनच्या छायाचित्राचा साचा (कण शोधण्यासाठी जुळवून पाहायची नमुना-प्रतिमा) लावला, तर सरासरीतून आइन्स्टाइनच उमटतो, असे क्रायो-ईएमचे शास्त्रज्ञ रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये बजावले होते. साच्याशिवाय शिकणाऱ्या मॉडेलमध्येही खुणावणाऱ्याचा पूर्वग्रह उतरतो, म्हणून मला तो इशारा येथेही तितकाच लागू वाटतो.

टोपाझसाठी प्रतिमा लहान करून घ्याव्यात. त्याच्या रेसनेट८ या न्यूरल जाळ्याला एका वेळी ७१ पिक्सेल रुंदीचा भाग दिसतो. सुमारे १८० अँगस्ट्रॉम लांबीचा आपला कण मूळ प्रतिमेत शंभरेक पिक्सेल व्यापतो, तर प्रतिमा चौपट लहान केल्यावर तो पंचवीसच्या आसपास येऊन त्या चौकटीत सहज मावतो. प्रशिक्षणात प्रत्येक इपॉकनंतर (प्रशिक्षणाच्या एका फेरीनंतर) मॉडेल साठवावे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हाही जाते.

थ्रेशोल्ड, म्हणजे मॉडेलची किती खात्री असल्यास कण मानायचा ती मर्यादा, ठरवताना कणांच्या संख्येला भुलू नये. क्रायोलोमध्ये ०.३ पासून सुरुवात करून, प्रशिक्षणात न वापरलेल्या काही मायक्रोग्राफवर निवड डोळ्यांनी तपासावी. थ्रेशोल्ड थोडा सैल ठेवणे मला योग्य वाटते, कारण नको असलेले कण द्विमितीय वर्गीकरणात (सारख्या दिसणाऱ्या कणांचे गट करण्याच्या पुढच्या टप्प्यात) गाळता येतात, पण सुटलेले कण तेथे परत मिळत नाहीत. वर्गीकरणात एखादी बाजू विरळ आढळली, तर त्या बाजूचे कण नव्याने खुणावून मॉडेल पुन्हा शिकवावे.