भूकंपांची आकडेवारी शिकताय? आधी स्टेशनचं रजिस्टर मागा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी कोयना-वारणा भागाचा एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर बी-व्हॅल्यू, म्हणजे मोठ्या भूकंपांच्या तुलनेत लहान किती हे सांगणारा आकडा. रेघ बरीच वर्षं ०.६ च्या आसपास रेंगाळत होती आणि मग २००५ नंतर चढत चढत १ ला भिडली. त्याच सुमारास नोंदलेल्या भूकंपांची संख्याही भराभर वाढलेली. मला वाटलं, सापडलं!

कारणही तयार होतं. जलाशयाचं पाणी भेगांमधून खोल मुरतं, तिथला दाब वाढतो, खडक छोट्या छोट्या धक्क्यांनी सरकायला लागतो, म्हणून लहान भूकंप वाढतात आणि बी-व्हॅल्यू चढते. सहा महिने मी याच वाक्याभोवती प्रबंध रचत होतो. सादरीकरणाच्या दिवशी मागच्या रांगेत वेधशाळेतून निवृत्त झालेले एक काका बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "नवी भूकंपमापक स्टेशनं कधी बसली, ते बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं.

तो दिवस आठवला की आजही पोटात खड्डा पडतो, कारण हा विषय माझ्यासाठी नुसता विषय नाही. आमचं गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला ६.३ चा धक्का आजीने अंगावर घेतलाय. त्यानंतर कितीतरी रात्री घरातली सगळी माणसं थंडीत खळ्यावर झोपली आणि आजी शेवटपर्यंत उशाशी बॅटरी ठेवून झोपायची. अशा घरातल्या मुलाने चुकीचा आलेख काढून "दाब वाढतोय" असं लिहिणं ही साधी चूक नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

गुटेनबर्ग-रिश्टरचा नियम (लहान-मोठ्या भूकंपांच्या संख्येचं प्रमाण), ओमोरीचा नियम (आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्या धक्क्यामागून येणारे धक्के, काळानुसार कसे कमी होतात) तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. मी जिथे पडलो तो खड्डा मात्र सविस्तर दाखवतो. पुस्तकात तो दोन ओळींत उरकतात आणि आपण त्या दोन ओळी वाचून पुढे जातो.

कॅटलॉग म्हणजे झालेल्या भूकंपांची यादी नव्हे, ती *ऐकू आलेल्या* भूकंपांची यादी आहे. ठरावीक परिमाणाच्या वरचे सगळे भूकंप स्टेशनांच्या जाळ्यात सापडतात, त्याखालचे निसटतात. त्या परिमाणाला पूर्णतेची मर्यादा म्हणतात. आता एक उदाहरण कागदावर करा, नुसतं वाचू नका. समजा खरी बी-व्हॅल्यू १ आहे आणि जाळं २.० च्या वरचं सगळं पकडतं. २.० आणि त्यावरचे १,००० भूकंप नोंदले गेले, तर १.५ आणि त्यावरचे सुमारे ३,१६० असायला हवेत. पण खालचे निसटले आणि तुमच्या यादीत आले फक्त १,४००. बी-व्हॅल्यू काढायचं आकीचं सूत्र म्हणजे ०.४३४३ भागिले (सरासरी परिमाण वजा मर्यादा). परिमाणं ०.१ च्या टप्प्यांत असतील तर मर्यादेतून आणखी ०.०५ वजा करायचं. मर्यादा २.० धरली तर सरासरी २.३८ येते आणि उत्तर १.०१. बरोबर. मर्यादा चुकून १.५ धरली तर सरासरी २.२ येते, भाजक ०.७५ होतो आणि उत्तर ०.५८!

जमीन तीच, भूकंप तेच. फरक फक्त तुम्ही टाकलेल्या एका आकड्याचा.

माझं नेमकं हेच झालं. सबंध काळासाठी मी एकच मर्यादा धरली होती, आणि ती शेवटच्या, चांगल्या वर्षांवरून काढलेली. जुन्या वर्षांत जाळं विरळ होतं, लहान धक्के निसटत होते, म्हणून तिथे बी-व्हॅल्यू खोटी कमी दिसली. २००५ पासून हैदराबादच्या एनजीआरआयचं (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचं) डिजिटल जाळं आलं, लहान धक्के ऐकू यायला लागले, आणि माझी रेघ चढली. पाण्याचा दाब नव्हे, स्टेशनं वाढली होती. प्रत्येक कालखंडाची मर्यादा वेगळी काढून, त्यांतली सगळ्यात वरची सगळ्यांना लावली तेव्हा रेघ जवळजवळ आडवी झाली. संख्येतली वाढही गेली.

मर्यादा काढायची कशी? परिमाणागणिक भूकंपांच्या संख्येचा आलेख जिथे सर्वांत उंच तो बिंदू घ्यायचा, ही पद्धत सगळे वापरतात कारण ती सोपी आहे. ती बहुतेक वेळा कमी आकडा देते, म्हणून त्यात निदान ०.२ मिळवा. मग मर्यादा ०.१ ने वाढवत जा आणि बी-व्हॅल्यू कुठे स्थिरावते ते बघा. स्थिरावतच नसेल तर तिथे थांबा, पुढे जाऊ नका.

मोठ्या धक्क्यानंतरचे काही तास हा याच खड्ड्याचा अधिक धोकादायक भाग. मोठ्या लाटांच्या गोंगाटात लहान आफ्टरशॉक बुडून जातात, मर्यादा तेवढ्यापुरती वर उसळते आणि बी-व्हॅल्यू घसरल्यासारखी दिसते. ती घसरण बघून "आणखी मोठा येणार" असं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारे आहेत. तुम्ही त्यातले होऊ नका. माझं याबाबत मत कडक आहे आणि ते बदलणार नाही.

तरी घाबरून विषय सोडू नका. ही चूक ज्यांची झाली नाही असे लोक मला फार भेटलेले नाहीत, आणि एकदा ती कळली की पुढचे अर्धे शोधनिबंध तुम्ही वेगळ्या नजरेने वाचता.

बाकीचं थोडक्यात. दोन कॅटलॉग जोडताना वेळ बघा. कोयनेचा भूकंप जागतिक वेळेनुसार १० डिसेंबरला २२:५१ ला झाला, किल्लारीचा २९ सप्टेंबर १९९३ ला. आपल्या यादीत त्या तारखा ११ डिसेंबर आणि ३० सप्टेंबर आहेत. साडेपाच तास वळते केले नाहीत तर एकच भूकंप दोनदा मोजला जातो. शिवाय भारतीय वेळेप्रमाणे तासावार मोजणी करून बघा. दुपारी उंचवटा दिसला तर खाणीतले सुरुंग आत शिरलेत. रात्री दिसला तर दिवसाच्या रहदारीत लहान धक्के हरवतायत.

आफ्टरशॉक गाळण्याबद्दल मात्र जरा थांबून बोलतो. गार्डनर आणि नोपॉफ यांची १९७४ ची खिडकी, म्हणजे मोठ्या धक्क्यापासून ठरावीक अंतरात आणि ठरावीक दिवसांत झालेलं सगळं आफ्टरशॉक म्हणून वगळायची पद्धत, सगळीकडे तयार मिळते, बटण दाबलं की झालं. ती दक्षिण कॅलिफोर्नियासाठी बनवलेली आहे. ५ परिमाणासाठी ती ४० किलोमीटर आणि १५५ दिवस एवढी मोठी. कोयना-वारणाचा सगळा भूकंपप्रवण पट्टा जेमतेम २० बाय ३० किलोमीटरचा! म्हणजे ५ चा एक धक्का बसला की पाच महिन्यांचं अख्खं कोयना पुसलं जातं. पावसाळ्यानंतर, जलाशय भरल्यावर भूकंप वाढतात हे इथलं सगळ्यात महत्त्वाचं लक्षण, आणि तेच या खिडकीतून बाहेर फेकलं जाऊ शकतं. त्यापेक्षा ओगाताचं ईटास प्रारूप शिका. महिना जाईल, जाऊ द्या. पार्श्वभूमीचा (आपोआप होणाऱ्या भूकंपांचा) दर वेगळा, आफ्टरशॉकची साखळी वेगळी, हे त्यातून नीट कळतं.

बी-व्हॅल्यूच्या नकाशांबद्दल इतकंच: ५० घटनांवर काढलेल्या बी-व्हॅल्यूत साधारण १४ टक्के त्रुटी असते, कारण ती बी-व्हॅल्यूला घटनांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून येते. ०.९ आणि १.० ला वेगळे रंग देऊन त्यावर भूगर्भाची कथा रचू नका. नकाशावर प्रत्येक बिंदूभोवती वर्तुळ काढून त्यातल्या भूकंपांवरून बी-व्हॅल्यू मोजतात. शेजारशेजारची वर्तुळं तेच भूकंप वाटून घेतात, म्हणून नकाशा गुळगुळीत आणि सुंदर दिसतो. मला तर असा सुंदर नकाशा बघितला की आधी घटनांची संख्या विचारावीशी वाटते.

तयार सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. झेडमॅपवर मीही शिकलो. पण आकीचं सूत्र एकदा पायथनमध्ये स्वतःच्या हाताने लिहा, खोटे भूकंप तयार करा, खालचे मुद्दाम वगळा आणि उत्तर कसं घसरतं ते बघा. एका संध्याकाळचं काम आहे. मी ते पहिल्या महिन्यात केलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

मार्गदर्शकाबद्दल विचाराल तर, ज्यांच्या नावावर सर्वांत जास्त शोधनिबंध आहेत त्यांच्या दारात रांग लावण्याआधी रोज लहरी वाचणाऱ्या माणसाला शोधा. भूकंपाच्या आधी पोचणाऱ्या पी आणि मागून येणाऱ्या एस लाटांच्या वेळा ज्याने वर्षानुवर्षं हाताने टिपल्यात, त्याला कुठलं स्टेशन कुठल्या पावसाळ्यात बंद होतं हे तोंडपाठ असतं. आमच्या त्या काकांनी नंतर मला घरी बोलावलं. कपाटातून एक फुलस्केप वही काढली. पानापानावर निळ्या शाईत स्टेशनचं नाव, चालू तारीख, बंद तारीख, आणि शेजारी कारण: वीज गेली, बॅटरी उतरली, उंदराने केबल कुरतडली. एका स्टेशनसमोर सलग अकरा आठवडे "बंद" लिहिलेलं होतं. माझ्या आलेखात नेमके तेच अकरा आठवडे मी "शांत कालखंड" म्हणून लाल रंगात घेरले होते.

ती वही मी दोन दिवस बसून संगणकात उतरवली. आता कुठलाही नवा कॅटलॉग हातात आला की मी पहिली फाइल तीच बनवतो, स्टेशन, सुरू, बंद असे तीन रकाने, आणि ते भरेपर्यंत भूकंपांची फाइल उघडत नाही.