कथेसाठी अमेरिकेतली एक राजधानी रचायची तर

अमेरिकेत घडणारी कथा लिहायला घेतलीत, तर न्यूयॉर्क-शिकागोच्या वाटेला जाऊ नका. तिथे प्रत्येक वाचकाचा एक मावसभाऊ राहतो. तुमची एक गल्ली चुकली की त्याचा मेसेज आलाच म्हणून समजा. त्यापेक्षा नकाशावर नसलेलं एक राज्य घ्या आणि त्याची नदीकाठची राजधानी स्वतःच रचा. मी मिसुरीत राहतो, अधूनमधून दिवाळी अंकांसाठी कथा लिहितो. त्यातलं ‘टर्नर्स लँडिंग’ हे राजधानीचं गाव असंच रचलेलं. समोर नमुना होता मिसुरी राज्याच्या खऱ्या राजधानीचा, जेफरसन सिटीचा.

आधी आकार ठरवा. राजधानी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई येते. ती बाजूला सारा. जेफरसन सिटीची वस्ती ४३ हजारांच्या आसपास. त्याच राज्यातलं कॅन्सस सिटी पाच लाखांचं आणि सेंट लुइस तीनेक लाखांचं. व्हरमाँटची राजधानी माँटपेलियर तर आठेक हजारांत आटोपते. जेफरसन सिटीतून इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणारा मोठा महामार्गसुद्धा जात नाही.

मग एवढ्याशा गावात राजधानी का, हे पहिलं वाक्य लिहिण्याआधी ठरवून टाका. वाचकाला सांगितलं नाहीत तरी चालेल, पण तुम्हाला माहीत हवं, कारण गावाचा सगळा स्वभाव त्यातून येतो. मिसुरीच्या १८२० च्या राज्यघटनेत अट होती: राजधानी मिसुरी नदीच्या काठी हवी आणि ओसेज नदी तिला मिळते तिथून ४० मैलांच्या आत हवी. १८२६ साली कारभार जेफरसन सिटीत आला, पण इतर गावांचा डोळा होताच. राजधानी हलू नये म्हणून गावाच्या पदरात राज्याचा तुरुंग टाकला गेला. तो १८३६ मध्ये सुरू झाला आणि थेट २००४ मध्ये बंद. तरीही १८९६ मध्ये राजधानी सिडेलियाला न्यायचा प्रस्ताव मतदानाला आलाच. मतदारांनी तो फेटाळला. तुमच्या गावालाही असा एक हेवा करणारा शेजारी द्या. आणि तुरुंग द्याच. तुरुंगात कामाला गेलेल्या बापांची मुलं पुढे सरकारी कचेरीत चिकटतात, एवढ्यावर निम्मी कथा उभी राहते.

नदीला घाईत उरकू नका. कुठला काठ उंच, कुठला सखल, हे कागदावर काढा. जेफरसन सिटीत कॅपिटॉल, म्हणजे विधिमंडळाची इमारत, दक्षिणेकडच्या कड्यावर आहे. समोरचा काठ सपाट, शेतीचा. पूर आला की पाणी तिकडे पसरतं. १९९३ च्या महापुरात त्या काठावरची सीडर सिटी नावाची वस्ती जवळजवळ उठलीच. उंच काठावर सरकार आणि सखल काठावर माणसं, ही मांडणी वापरा. सपाटीवरची राजधानी हवी असेल तर कॅलिफोर्नियाचं सॅक्रॅमेंटो बघा: जानेवारी १८६२ मध्ये तिथले गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड शपथविधीला नावेतून गेले. पुढे शहरातले रस्तेच भर घालून उचलावे लागले.

मराठी लेखक हमखास घसरतो तो इथे: कथेतल्या पात्राला नदीच्या पाण्यात पाय सोडून बसवतो. वाईसारखा घाट इथे नाही. जेफरसन सिटीत कडा आणि पाणी यांच्या मधून रूळ जातात, लांबलचक मालगाड्या धडधडत असतात. मिसुरीचं पाणी गढूळ आणि ओढ भलतीच. नीट पाहिलंत तर काठापासून आत शिरलेल्या दगडांच्या रांगा दिसतील. त्या प्रवाहाला नदीच्या मध्याकडे ढकलतात, तिथला गाळ पाणीच खरवडून नेतं आणि बार्जपुरती, म्हणजे सपाट मालवाहू नावांपुरती खोली राहते. पाणी उतरलं की हे दगड उघडे पडतात. पात्राला विचारात पाडायचं असेल तर त्याला हे बघू द्या, सूर्यास्त नको.

कॅपिटॉलला एक आग लावा. खऱ्या इमारतीवर १९११ मध्ये वीज पडली आणि ती जळाली. आताची १९१७ मध्ये पुरी झाली. आत थॉमस हार्ट बेंटननं १९३६ मध्ये रंगवलेलं भित्तिचित्र आहे. त्यात राज्याच्या इतिहासाबरोबर दरोडेखोर जेसी जेम्सही आहे, त्यामुळे आमदार मंडळी भडकली होती. भिंतीवरचं चित्र खरवडायला निघालेला आमदार मला अजून कथेत बसवता आलेला नाही, तुम्ही घ्या.

पंचांग सांभाळा. मिसुरीचं अधिवेशन जानेवारी ते मे मध्य. सोमवारी दुपारी गाड्या येतात, गुरुवारी दुपारनंतर पांगतात. म्हणजे कारस्थानं मंगळवार-बुधवारच्या रात्री. जुलैत आमदारांची गर्दी दाखवलीत तर फजिती.

वस्ती एकरंगी ठेवू नका. जेफरसन सिटीच्या दक्षिण भागात जर्मन स्थलांतरितांचा जुना मोहल्ला आहे. इथलं लिंकन विद्यापीठ १८६६ मध्ये यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी स्वतःच्या पगारातून वर्गणी काढून उभं केलं.

मराठी पात्र हवंच असेल, तर त्याला सरकारी खात्यात कंत्राटी संगणकवाला करा. गणपतीला त्याला मोठ्या शहरात जावं लागेल, जेफरसन सिटीहून सेंट लुइस म्हणजे दोनेक तासांचा रस्ता. डबे मागच्या सीटवर, आणि परतताना कोणीतरी सोबत हवं म्हणून त्याच खात्यातल्या ज्या बाईशी त्याचं पटत नाही, तिला गाडीत बसवा. संवाद तिथूनच सुरू करा.