गाळाचं वय मोजायचंय? आधी तलावाकाठी चौकशी करा

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही पुण्याजवळच्या एका तलावातून ८० सेंटिमीटर लांबीचा गाळाचा कोअर, म्हणजे नळी खुपसून मिळणारा थरांचा उभा दांडा, काढला. नाल्यातून येणारं शिसं आणि जस्त कधीपासून साठत गेलं, ते शोधायचं होतं. एकेक सेंटिमीटरच्या चकत्या कापल्या, वाळवल्या, कुटल्या आणि डब्यांत बंद करून तीन आठवडे ठेवल्या. मातीतल्या किरणोत्सारी रेडियम-२२६ मधून निघणारा रेडॉन वायू डब्यातच कोंडून समतोल साधेपर्यंत थांबावंच लागतं. मग किरणोत्सार मोजणाऱ्या गॅमा डिटेक्टरवर एकेका नमुन्याला अख्खा दिवस.

यातली कल्पना मला आजही विलक्षण वाटते. हवेतल्या रेडॉनपासून शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं बनतं, पावसाबरोबर उतरतं, गाळात बसतं आणि साधारण २२ वर्षांत निम्मं होतं. खोलीनुसार ते कसं घटतं यावरून शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतचा काळ लावता येतो. पण मातीतल्या रेडियमपासून जागच्या जागी तयार होणारं शिसं-२१० आधी वजा करायचं. नवीन मुलं इथे हमखास चुकतात. आणि वय सांगणारं हे शिसं वेगळं, प्रदूषणाचं वेगळं. वहीत दोन्हींचे रकाने निराळे ठेवा.

पडताळणीला सीझियम-१३७ हवंच. अणुचाचण्यांतून आलेलं हे सीझियम १९६३च्या थरात सर्वात जास्त, म्हणजे पानशेत फुटल्यानंतर दोन वर्षांनी. आपल्याकडे ते मुळातच कमी पडलं, म्हणून मोजणीला जास्त वेळ द्या.

आमचा शिसं-२१०चा आलेख वरच्या ३० सेंटिमीटरांत अगदी सपाट आला. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा मोजलं, तरी तेच. शेवटी तलावावर गेले. जाळं सांधत बसलेले एक काका म्हणाले, "आगं पोरी, हिथला गाळ पोकलेननं उपसलाय की! मग काठाचं समदं ढासळलं परत आत." म्हणजे थर मिसळलेले; कित्येक महिन्यांचं काम गेलं. त्या रात्री मी खूप रडले.

दुसरा कोअर काकांनी दाखवलेल्या जागी, भिंतीजवळच्या खोल पाण्यात घेतला. तिथे मशीन पोचलं नव्हतं. शिसं-२१० व्यवस्थित उतरत गेलं, सीझियमचा उंचवटाही सापडला. देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्यानंतरच्या थरांत प्रदूषणाचं शिसं घटलेलं पाहून मी मार्गदर्शक बाईंना प्रयोगशाळेतूनच फोन लावला.

आणि नळी वर काढताना उभीच धरा. आडवी झाली की वरचा पातळ गाळ लगेच कालवला जातो.