सायकलकार्ट: आधी माणूस बसवा, मग गाडी काढा

गॅरेजच्या फरशीवर बसा. पाठ मागे टेकलेली, पाय पुढे, गुडघे थोडे वर, हातात स्टिअरिंग म्हणून जेवणाचं ताट. घरातल्या कुणाच्या तरी हातात खडू द्या आणि कंबर, कोपरं, गुडघे, तळवे यांच्या कडेने रेघा मारायला सांगा. उठून बाजूला व्हा आणि बघा. ही तुमची गाडी. बाकीचं सगळं या रेघांभोवती चढवायचं.

सायकलकार्ट म्हणजे १९२०-३० च्या काळातल्या रेसच्या गाडीसारखी दिसणारी, मोपेडच्या चाकांवर आणि पाण्याच्या पंपाला असतं तसल्या इंजिनावर पळणारी, एकट्यापुरती घरगुती गाडी. कॅलिफोर्नियातल्या स्टीव्हन्सन कुटुंबाने १९९० च्या दशकात हा प्रकार सुरू केला. मापंही त्यांचीच: १७ इंची चाकं, साडेसहा हॉर्सपॉवर, आणि सगळी गाडी मिळून २५० पौंड, म्हणजे ११३ किलोच्या आसपास. नियम कसले, संकेतच म्हणायचे. पण मोठं इंजिन ठोकून आलेल्या माणसाच्या गाडीभोवती फारसं कुणी घुटमळत नाही, एवढं खरं.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता सिॲटलजवळ राहतो. आबांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे लोखंडाची भीती कधी नव्हती. जुन्या गाड्यांचं वेड म्हणाल, तर दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बघत वाढलेल्या पोराला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

कुठली गाडी निवडायची

बहुतेकजण बुगाटी टाइप ३५ वर येऊन थांबतात, आणि त्यात वावगं काही नाही. १९२४ साली फ्रान्समधल्या लिआँच्या ग्रांप्री शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली आणि १९२५ ते १९२९ सलग पाच वर्षं इटलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत तिनेच मारली. घोड्याच्या नालेसारखा रेडिएटर आणि होडीसारखी निमुळती शेपटी, एवढं जमलं की लांबूनही ओळख पटते. पण मुद्दा मापाचा आहे. मूळ गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर, डाव्या-उजव्या चाकांमधलं १.२. सायकलकार्टला साधारण ६६ इंच आणि ३६ इंच धरतात, म्हणजे १.६८ आणि ०.९१ मीटर. गाडी सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर आली. माणूस मात्र शंभर टक्केच राहिला.

म्हणूनच हा काळ सोयीचा. त्या जमान्यातले ड्रायव्हर गाडीत बुडालेले नसायचे. छाती, खांदे, कोपरं सगळं बाहेर. जुने फोटो बघा, मूळ गाडीतही माणूस मोठाच दिसतो. १९६० च्या दशकातली ग्रांप्रीची गाडी याच मापात करायला गेलात, तर मोठा माणूस पोराच्या खेळण्यात बसल्यासारखा दिसेल. माझं मत विचाराल तर बुगाटी सोडा आणि अमिलकार किंवा ऑस्टिन सेव्हन घ्या. त्या मुळातच छोट्या, त्यामुळे प्रमाण फसत नाही.

बाजूने काढलेला एक स्वच्छ फोटो मिळवा, भिंतीवर मोठा करून बाह्यरेषा पुठ्ठ्यावर उतरवा आणि त्या पुठ्ठ्यामागे स्वतः बसून फोटो काढून घ्या. बॉनेटची रेघ छातीच्या खाली येत असेल तर ठीक. फारच खाली, कमरेशी येत असेल तर बसायची जागा आणखी खाली न्या, बॉनेट उंच करू नका. इंजिन तुमच्या पाठीमागे शेपटीत बसणार आहे. बॉनेटखाली फक्त तुमचे पाय. लोक कौतुकाने बॉनेट उघडायला लावतात आणि आत माझ्या चपलांचे नंबर वाचतात.

चॅसी

यात फार डोकं घालण्यासारखं नाही. दीड इंची चौकोनी किंवा १×२ इंची नळी, १६ गेजची, शिडीसारखी. सपाट फरशीवर मांडा, आधी सगळीकडे वेल्डिंगचे फक्त टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मगच पूर्ण वेल्डिंग. एका बाजूला सलग वेल्डिंग केलं तर नळी ओढून वाकडी होते, म्हणून आलटून-पालटून. पुढचा ॲक्सल बसतो तिथे कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या द्या. जाड नळी घेऊन ‘मजबूत’ करण्याचा मोह आवरा. ११३ किलोतले किलो इथेच उडतात.

चाकं: इथे घाई नको

मोटरसायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्या चाकावर ताकद कायम उभ्या रेषेत येते. कार्ट कलत नाही. वळणात सगळा आडवा जोर टायरच्या तळाशी लागतो आणि चाक मोठं असल्याने तरफेसारखा तारांवर आणि आसावर येतो. सायकलकार्टमध्ये जे मोडतं, ते बहुतेक इथेच मोडतं.

म्हणून ३६ तारांची स्टीलची रिम घ्या आणि तारांच्या दोन ओळींमध्ये जास्तीत जास्त अंतर असलेला हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, शोधा. हब जितका रुंद तितक्या तारा तिरप्या बसतात आणि आडवा जोर पेलतात. सायकलच्या तारा अजिबात नकोत, मोपेडच्या जाड तारा हव्यात. ताण बघायला आबांची रीत सोपी आहे: पान्याने तारेवर टिचकी मारायची आणि ऐकायचं. एका बाजूच्या सगळ्या तारा एकाच सुरात वाजल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट पुढचा आस. मोपेडमध्ये तो फोर्कच्या दोन पायांत धरलेला असतो, म्हणून १२ मिमी पुरतो. आपल्याकडे चाक एकाच बाजूने लटकणार, तिथे १२ मिमीचा आस पहिल्या खड्ड्यात वाकेल. १६ मिमीच्या खाली जाऊ नका, मी २० वापरतो. त्यासाठी हब मोठा बोअर करायची गरज नसते. हबमध्ये ६३०१ नंबरचं बेअरिंग असेल, तर ते आतून १२, बाहेरून ३७, जाडीला १२ मिमी असतं. त्याच्या जागी ६९०४ घाला: बाहेरून तेच ३७, पण आतून २०. जाडी ९ आहे, म्हणून ३ मिमीची रिंग द्यावी लागते. दोन्ही बेअरिंगांच्या मध्ये आतल्या कड्यांना टेकणारा बुश मात्र अचूक लांबीचा करून घ्या. तो आखूड राहिला तर नट आवळताच बेअरिंग जाम होतं.

भारतात करणार असाल तर टीव्हीएस एक्सएलची चाकं १६ इंची असतात, तीही चालतील. भंगारवाल्याकडे एखादी जुनी लुना निघाली तर हात घाला.

पुढचा ॲक्सल आणि स्टिअरिंग

किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं ती, वरच्या टोकाला मागे कलती ठेवा, दहा अंशांच्या आसपास. त्याने स्टिअरिंग सोडलं की आपोआप सरळ येतं. समोरून बघताना तीच किंगपिन आत कलती हवी, इतकी की तिची रेघ खाली वाढवली तर टायर जमिनीला टेकतो तिथेच पोचावी. मोपेडचा हब रुंद असल्याने हे जमवताना जागेची ओढाताण होते. पण ही रेघ आत पडली तर प्रत्येक दगड थेट मनगटात येतो.

आता दोरी घ्या. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, कारण त्याचं वर्तुळ लहान असतं. किंगपिनपासून मागच्या ॲक्सलच्या बरोबर मध्यापर्यंत दोन्हीकडून दोरी ताणा आणि स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं त्या दोरीवर आणा. हिशेब झाला. चाकांचा पुढचा भाग मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा, की सरळ रस्त्यावर गाडी भिरभिरत नाही.

पुढे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, द्यायचे की नाही यावर लोक तावातावाने भांडतात. दोन पानांचे हलके पाटे द्या. गती त्याने वाढत नाही, पण चाकं खालीवर नाचताना दिसतात आणि गाडी खरी वाटते. निव्वळ दिसण्यासाठी वाढवलेल्या वजनापैकी एवढंच मला मान्य आहे. जोडणाऱ्या बोल्टना सगळीकडे आपोआप सैल न होणारे नायलॉक नट आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना शिवाय स्प्लिट पिन.

इंजिन

होंडा जीएक्स २०० किंवा त्याच मापाचं दुसरं. १९६ सीसी, १६ किलो, पाऊण इंची शाफ्ट. जुन्या मोजणीने साडेसहा हॉर्सपॉवर, नव्या निव्वळ मोजणीने साडेपाच. भारतातही शेतीच्या यंत्रांवर हे इंजिन दिसतं.

गव्हर्नर काढू नका. तो इंजिनाला ३६०० आरपीएमच्या आसपास रोखून धरतो आणि मूळ फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवर फिरणारं जड चाक, तेवढ्यासाठीच ओतलेलं असतं. त्याच्या फार वर नेलं तर ओतीव लोखंड फुटू शकतं, आणि ते तुमच्या पाठीमागे हातभर अंतरावर फिरत असतं. तेल कमी झाल्यावर इंजिन बंद करणाऱ्या सेन्सरची वायर मात्र सोडवून ठेवतात, कारण वळणात तेल एका बाजूला सरकलं की तो उगाच इंजिन बंद पाडतो. मग तेल बघायची जबाबदारी तुमची. ०.६ लिटर मावतं. प्रत्येक फेरीआधी काडी काढून बघा.

ताकद चाकापर्यंत न्यायला साधा सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा, स्वस्त पडतो. चेनची चक्रं १० आणि ६० दातांची घेतली तर ६ ला १. टायरसकट बावीस इंची होणाऱ्या चाकाचा घेर पावणेदोन मीटर, म्हणजे ३६०० आरपीएमला ताशी ६३ किलोमीटर. हिशेब सुरेख, पण एवढ्या मोठ्या चाकाला निघताना तो क्लच घसरत राहतो आणि चढावर जळतो. थोडे पैसे घालून पट्ट्याचा व्हेरिएटर घ्या. कायनेटिक होंडा चालवलेल्यांना तो समजावून सांगायला नको. निघताना २.७ ला १, वेगात ०.९ ला १, मधलं सगळं आपोआप.

वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो. मागचा ॲक्सल एकसंध, पण ताकद एकाच चाकाला. दुसरं बेअरिंगवर मोकळं फिरतं. आबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, “एकाच चाकाला ताकद? गाडी गोल फिरत बसंल की लेका!” बसत नाही, कारण ताकदच थोडी आहे. पण फरक जाणवतो. उजवं चाक ओढत असेल, तर डाव्या वळणात ते बाहेर येतं, त्यावर वजन येतं, पकड मिळते आणि गाडीचं नाकही डावीकडेच ढकललं जातं. उजव्या वळणात तेच चाक हलकं होऊन जागेवर फिरतं. जिथे तुम्ही जास्त पळवणार, तिथलं अवघड वळण कोणत्या बाजूचं आहे ते बघून चाक ठरवा.

याचा ब्रेकवरही परिणाम होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ॲक्सलवर एक डिस्क बसवली तर ती त्या एकाच चाकाला थांबवते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना मोपेडचे ड्रम ब्रेक ठेवा आणि दोन्ही केबल एका डोलत्या दांडीला जोडा, म्हणजे ओढ सारखी वाटली जाते. मागची डिस्क जोडीला असू द्या.

बॉडी

तीन मिलिमीटरचा प्लाय बाजूंना, बॉनेटला ॲल्युमिनियमचा पत्रा, शेपटीला प्लायच्या फासळ्या करून वर कापड किंवा पत्रा. बॉनेटवर चामड्याचा पट्टा. खोटे एक्झॉस्ट, खोटे रिव्हेट, खोटी घड्याळं जितकी कमी तितकी गाडी चांगली दिसते. चाकं आणि रेडिएटरचा आकार बरोबर असेल तर डोळा बाकीचं भरून घेतो.

पळवायला निघताना

ही गाडी रस्त्यावर आणायची नाही, इथेही नाही आणि भारतातही नाही. खाजगी जागा, मालकाची परवानगी. आमच्या वॉशिंग्टन राज्यात याकिमाजवळ टीटन नावाचं सफरचंदांच्या बागांमधलं छोटं गाव आहे, तिथे सायकलकार्टवाल्यांची टीटन ग्रांप्री भरते. खडीवर अरुंद टायर लवकर घसरतात, ताशी ४० लाच गाडी आडवी जाते, आणि गंमत तीच आहे. ब्रेक सरळ रेषेत मारून घ्या, वळणात ॲक्सिलरेटर अर्धवट सोडू नका. चाकाला चाक लावून कुणाला अडवायचं नाही. उघड्या तारांत दुसऱ्याचं चाक अडकलं तर दोघंही उलटतात.

हेल्मेट, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्या, घोट्यावर येणारे बूट. चेनवर पत्र्याचं झाकण आणि ॲक्सिलरेटरला एकाऐवजी दोन स्प्रिंगा. मनगटाला दोरी बांधून ती इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचला जोडा, बाहेर फेकले गेलात तर इंजिन बंद झालं पाहिजे. हवा २५ ते ३० पीएसआयपासून सुरू करा. पिशवीत चेनच्या जोडकड्या, चार-सहा तारा, पट्टा, प्लग आणि केबल.

पहिल्या दिवसानंतर तारा पुन्हा ताणा, नव्या तारा हमखास सैल होतात. वेल्डिंगच्या कडांना बारीक भेगा आहेत का ते विजेरी धरून बघा. तेवढ्यात काहीतरी कापून परत जोडावं लागतंच, म्हणून रंग सगळ्यात शेवटी. फ्रेंच गाडी निळी, इटालियन लाल, इंग्लिश हिरवी, बेल्जियन पिवळी, असे त्या काळचे ठरलेले रंग आहेत. नंबर ब्रशने हातानेच काढा. स्टिकर लांबूनही कळतो.