चार हुतात्म्यांचा धडा वर्गात घेताना

सोलापुरात एफवायबीएला मी इतिहास शिकवते. समोरच्या मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, लमाणी बोलतात. १९३०चा मार्शल लॉ, म्हणजे शहरावरचा लष्करी अंमल, शिकवायचा तर पुस्तक आधी उघडू नका. मुलं रोज चार पुतळ्यांच्या चौकातून येतात, तिथून सुरुवात करा. "कोण आहेत हे?" एवढंच विचारा आणि थांबा. चारही नावं सांगणारं क्वचितच कोणी निघतं.

मग तारखा, मोजक्याच. ५ मे १९३०ला गांधीजींना अटक, ८ मेला इथे गोळीबार, १२ मेला मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन.

इथे एक चूक टाळा, मी केली होती. पहिल्या वर्षी मी हुतात्मे आडनावं बघून वाटले. कुर्बान हुसेन मुस्लिम मुलाला, धनशेट्टी लिंगायत मुलीला. तो मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, मला शिंदे का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून चिठ्ठ्या टाकते. ज्याला जो निघेल त्याने त्याच्यावर बोलायचं.

पुढचा आठवडा घरासाठी ठेवा. गिरणी, यंत्रमाग, विड्या, कशावर घर चाललं, हे आजी-आजोबांना विचारून यायचं. त्यांचं वाक्य आधी त्यांच्याच भाषेत वहीत उतरवायचं, देवनागरीत चालेल; मराठी अर्थ खाली. आजी "गिरणी" न म्हणता "मिल" म्हणाली तर "मिल"च लिहायचं. यात घाई करू नका. मुलं पहिल्यांदा वर्गात तेलुगू मोठ्याने वाचतात तेव्हा आवाज अडखळतो, तो अडखळू द्या.

आणि चौघांवर थांबू नका. याच शहरात सेटलमेंट आहे, इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची वसाहत. गुन्हेगार जमाती कायदा १८७१चा. त्याखाली माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी घेतली. त्यांची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ची. इंग्रज गेले १९४७ला, मग यांना पाच वर्षं का थांबावं लागलं? हा प्रश्न फळ्यावर लिहा, सगळ्या वर्गासाठी. "तू तिकडचा ना, तू सांग" असं कुणालाही म्हणू नका. माझ्या वर्गातली एक मुलगी तीन आठवडे गप्प होती. चौथ्या आठवड्यात तिने हात वर केला आणि पणजोबांची हजेरी कशी व्हायची ते सांगितलं.