दारू सोडण्यासाठी ग्रुपला जाताय? या चुका टाळा

एकच मीटिंग करून ‘आपल्याला नाही जमायचं हे’ म्हणत घरी बसलेले बरेच सापडतात. कारणं ठरलेली: सगळे वयस्कर होते, देवदेव फार होता, कुणी विचारलंसुद्धा नाही. यातलं खोटं काहीच नसतं, पण ते त्या एका ग्रुपपुरतं आणि त्या एका संध्याकाळपुरतं खरं असतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली सुरू झाली आणि तिथे प्रत्येक ग्रुप आपला कारभार आपणच पाहतो. त्यामुळे नाव एक असलं तरी दोन ग्रुपांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. निदान पाच-सहा मीटिंगा करा, त्याही दोन-तीन ठिकाणी, आणि मग काय ते ठरवा.

काहीजण तर तिथवरही पोचत नाहीत. ‘आधी सोडतो, मग जातो.’ सोडता येत असती तर ग्रुप कशाला हवा होता? एएमध्ये सदस्य व्हायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. सोडलेली असायला हवी, असं कुठेही म्हटलेलं नाही.

ग्रुप म्हणजे दवाखाना नव्हे

ही चूक जिवावर बेतू शकते. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, गोंधळ, ताप, दरदरून घाम असंही सुरू होऊ शकतं. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यावर हॉस्पिटलातच उपचार लागतात. सकाळी हात थरथरत असतील, पूर्वी कधी फिट आली असेल, तर बंद करण्याआधी डॉक्टरांना गाठा. मीटिंगा सोबत चालू द्या.

याचीच दुसरी बाजू म्हणजे एखादा जुना सदस्य ‘गोळ्या घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस’ असं सुनावतो. त्याचं ऐकून औषधं बंद करू नका. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, असं एएचं साहित्यच सांगतं.

दाराजवळची खुर्ची

नवा माणूस पाच मिनिटं उशिरा येतो. दाराजवळची खुर्ची धरतो, हेल्मेट मांडीवर, नजर मोबाइलमध्ये. शेवटची प्रार्थना संपायच्या आत तो जिन्यात असतो. अशा दहा मीटिंगा करून म्हणतो, काही फरक पडला नाही. कसा पडणार? भाषणं त्याने ऐकली, पण ओळख एकाशीही झाली नाही. माझ्या मते मीटिंगचा अर्धा फायदा सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत असतो. लवकर जा, खुर्च्या मांडायला हात लावा. बोलायला विषय लागत नाही, कामच पुरतं.

दोन-तीन फोन नंबर घ्या आणि तलफ नसताना फोन करा. ‘काल भेटलो होतो, सहज केला,’ एवढं बोललात तरी चालेल. ज्याला कधीच फोन केला नाही, त्याला रात्री अकरा वाजता ‘प्यावीशी वाटतेय’ म्हणून कुणी फोन करत नाही, हा अनुभव सगळीकडचा.

शेअरिंगची, म्हणजे सगळ्यांसमोर आपली गोष्ट सांगण्याची, धास्ती असेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, कुणी जबरदस्ती करत नाही. मात्र ऐकताना मापं काढत बसू नका. समोरच्याचं घर गेलं, माझं शाबूत आहे, म्हणजे मी त्यातला नव्हे, हा हिशोब फार सोयीचा असतो. त्याने बाटली कुठे लपवली आणि किती प्यायली विचारल्यावर किती सांगितली, ते ऐका. तिथे बहुतेकांचं जुळतं.

देव, घरचे आणि पैसे

दारूतून सुटण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांत देव येतो, पण ‘आपल्याला उमगेल तसा’ येतो. कितीतरी नास्तिक ग्रुपलाच आपल्याहून मोठी शक्ती मानून चालतात. तेही पटत नसेल तर १९९४ साली सुरू झालेलं स्मार्ट रिकव्हरी आहे. तिथे देव नाही, विचार आणि सवयी बदलण्याची तंत्रं आहेत. पण देवाचं निमित्त करून एए सोडायची आणि दुसरीकडेही जायचं नाही, याला अर्थ नाही. उपचारांवरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. त्यात माणसाला एएशी पद्धतशीर जोडून देणारे कार्यक्रम, पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत, इतर समुपदेशनापेक्षा सरस ठरले.

बायको किंवा भावाला सोबत न्यायचं असेल तर मीटिंग ‘ओपन’ आहे ना, ते विचारा. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळी आहे.

फी नसते, पेटी फिरते ती ऐच्छिक. उसने मागणारा किंवा नव्या बाईशी लगट करणारा कुठेही भेटू शकतो, तेव्हा स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, शक्यतो आपल्याच लिंगाचा निवडा. काही खटकलं तर ग्रुपमधल्या जाणत्याला सांगा आणि सरळ ग्रुप बदला.

घसरलात तर

प्यायल्यावर लाजेने महिनाभर तोंड न दाखवणं, ही चूक पिण्याहून महाग पडते. दुसऱ्या दिवशीच जा. पुन्हा हात थरथरू लागले असतील तर आधी डॉक्टर. मग स्पॉन्सरसोबत बसून मागचे दोन आठवडे तपासा: कुठली मीटिंग चुकवली, कुणाचा फोन उचलला नाही, झोप किती झाली, खिशात पैसे कधी आले.